ठराव मंजूर असतानाही चवदार तळ्यावर जावे का लागले?

प्रश्न
सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. असे असताना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना तेथवर चालत का जावे लागले? मी शाळेत इतिहास शिकवते; ‘अंमलबजावणी झाली नाही’ एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही.

प्रतिसाद १
ठराव कागदावर होता आणि तळ्याभोवती वस्ती सवर्णांची होती. ज्या पाण्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, ते बाबासाहेबांनी ओंजळीत घेताच वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची आवई उठली आणि परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य टाकून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला, यावरून त्या ठरावामागे किती बळ होते हे दिसतेच.

प्रतिसाद २
माझ्या मते खरे उत्तर न्यायालयाच्या निकालात आहे. डिसेंबरमध्ये सनातन्यांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावून मनाई हुकूम मिळवला, म्हणून दुसऱ्या परिषदेत सत्याग्रह तहकूब करावा लागला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला खरा, पण तो माणसे समान आहेत म्हणून नव्हे. बहिष्काराची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही म्हणून. तसे सिद्ध झाले असते तर? संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो महाडचा हा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून वाचावा.

प्रतिसाद ३
वरील मांडणी मान्य आहे, मात्र लढा केवळ पाण्यापुरता राहिला नव्हता. डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा फत्तेखान यांनी दिली आणि तेथे मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव गंगाधरपंत सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन, जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडण्यास सांगितले. हा भाग पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकला जातो. तो वर्गात अवश्य सांगा.