रडण्यावरून आजार ओळखणारं ॲप आशाताईंच्या फोनमध्ये हवं का?

पूर्वभागवाला: बाळाचं रडणं रेकॉर्ड करून आजाराची शंका सांगणारं तंत्र तयार होतंय. चार्ल्स ओनू या नायजेरियन संशोधकाची 'उबेनवा' ही कंपनी जन्मताना गुदमरलेली बाळं रडण्यावरून ओळखायच्या खटपटीत आहे. हे काही आजचं खूळ नाही, फिनलंडमध्ये १९६० च्या दशकातच रडण्याचे आलेख काढून झालेत. निरोगी तान्ह्याचा आवाज साधारण ४०० ते ६०० हर्ट्झ. मेंदूला इजा असेल तर तो चिरका होऊन हजाराच्या वर जाऊ शकतो. सोलापुरात प्रत्येक आशाताईकडे हे द्यावं असं माझं मत.

झोळीवाली_आई: आधी आमच्या घरी रेकॉर्ड करून दाखवा की. खाली माग, सकाळपासून खटखट. बाळ उठलं हे मला झोळी हलली की कळतं. तुमच्या फोनला काय ऐकू येणार?

पूर्वभागवाला: मागाचा आवाज एकसुरी असतो, गाळता येतो.

झोळीवाली_आई: आणि सासूबाईंचा?

एनआयसीयू_सिस्टर: रडण्यातून कळतं, नाही असं नाही. मेंदूज्वरात चिरकं, थायरॉइड कमी असेल तर घोगरं. पाचव्या गुणसूत्राचा तुकडा नसेल तर मांजरासारखं. हा आजार फ्रेंच डॉक्टर लेज्युन यांनी १९६३ साली नोंदवला. पण थायरॉइडसाठी आवाज घोगरा व्हायची वाट बघत नाहीत, टाचेतून रक्त घेऊन तपासतात. काविळीत रडणं चिरकं झालं म्हणजे ती मेंदूपर्यंत गेली, उशीर झालाच. आणि जंतुसंसर्गाने मलूल झालेलं बाळ रडतच नाही हो. तिथे ॲप काय ऐकणार?

जुना_वाचक: सिस्टर बरोबर बोलल्या. डॉ. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्या बायकांना हेच शिकवलं: रडणं क्षीण झालं किंवा थांबलं, दूध ओढेना, हातपाय लुळे पडले की सावध व्हा. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं मांडलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, ते या कामाच्या पायावर. त्यांचं मानधन वेळेवर द्या, ॲपचं नंतर बघू.

पूर्वभागवाला: मानधन द्याच, त्यात वाद कुठाय? पण ताई येतात तेव्हा बाळ नेमकं झोपलेलं असतं. रात्री दोन वाजता ते वेगळंच रडतंय, सासू म्हणते दृष्ट लागली, मीठ-मोहरी ओवाळा, गुटी चाटवा. सुनेचं कोण ऐकतंय? फोनवर लाल खूण दिसली तर नवरा निदान रिक्षा तरी आणेल.

झोळीवाली_आई: आणि हिरवी दिसली तर? मी पोटतिडकीने सांगत असेन काहीतरी बिघडलंय, आणि अख्खं घर म्हणेल, मोबाइल बरं आहे म्हणतोय, झोप आता, सकाळी बघू.

एनआयसीयू_सिस्टर: मग हिरवी खूणच ठेवू नका त्यात. लाल, नाहीतर 'आईला विचारा'.