रेड ५ मध्ये पाचवी डिस्क घालणाऱ्यांनो, जरा दमानं

गावभागकर
काल 'पोवईनाका' यांनी ज्ञान पाजळलं: "चार टीबीच्या चार डिस्कचा रेड ५ भरला? पाचवी आणा, ग्रो करा, विषय संपला. रेड असल्यावर बॅकअप कशाला?" आधीच्या सल्ल्यावर मी गप्प बसलो असतो. शेवटच्या वाक्यानं डोकं फिरलं.

रेड ५ म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर वाटून मांडायचा आणि एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशोबाला ठेवायची. त्यात १२ टीबीचे १६ होतात, बरोबर. पण ते होताना एमडीएडीएम (लिनक्सवर रेड चालवणारं साधन) एकूण एक स्ट्राइप, म्हणजे डेटाची पट्टी, उचलून पाच डिस्कवर नव्यानं मांडतं. जुन्या चारही डिस्क तेवढा वेळ, दिवस-दीड दिवस म्हणा, ऊर फुटेस्तोवर पळणार. आणि या चार बहुतेकांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून उचललेल्या असतात. सारख्या वयाच्या, सारख्या दमलेल्या. एक गेली तर तगेल. दुसरी गेली की सगळ्याचं श्राद्ध. निभावलं तरी पुढं जन्मभर पाच डिस्कमागं एकाच डिस्कचं संरक्षण.

मी सोळाच्या दोन घेऊन मिरर करीन, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत. जुन्या चार दुसऱ्या डब्यात, म्हणजे मशीनमध्ये, घालून आठवड्यातून एकदा चालू करीन, प्रत घेऊन बंद. मिररमधली एक गेली तर फक्त दुसरी वाचावी लागते. आणि चुकून फोल्डर डिलीट झाला तर रेड तुम्हाला वाचवत नाही, तो पाचही डिस्कवरून इमानदारीत डिलीट करतो.

पोवईनाका
एवढा निबंध! रीशेप, म्हणजे ती फेरमांडणी, चालू असताना लाईट गेली तरी मशीन उठल्यावर जिथं थांबलं तिथून पुढं चालतं. दोनदा केलंय, दोन्ही वेळा लाईट गेली, एक फाईल हलली नाही. आणि "दमलेल्या डिस्क" म्हणता, तर डेबियन लिनक्स दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्खा अॅरे, म्हणजे डिस्कचा संच, तपासून बघतो. डिस्क मरायचीच असेल तर त्या रविवारी मरेल की.

सोळाच्या दोन डिस्क म्हणे. तुमचा ऊस गेला असेल कारखान्याला, आमचा नाही. शिवाय हिशोब बघा: सोळा टीबीचा बॅकअप बारा टीबीच्या डब्यात कसा मावणार? यावर निबंधात काही नाही.

गावभागकर
सगळ्याचा घ्यायचाच नाही. उतरवलेले पिक्चर परत उतरवता येतील. वडिलांनी स्पूलवरून काढलेली नाट्यसंगीताची रेकॉर्डिंग परत कुठून आणू? ती टेप आता हात लावला की भुगा होते, तपकिरी पूड बोटाला लागते. ती फाईल हीच मूळ प्रत.

तंबोरा_मिरज
दोघंही जुन्या काळात अडकलात. घरी स्ट्राइप करायचीच कशाला? मर्जरएफएस (वेगवेगळ्या डिस्क एकच फोल्डर म्हणून दाखवतं) आणि स्नॅपरेड (सांगाल तेव्हा पॅरिटी काढून ठेवतं). हाताशी असतील त्या साइजच्या डिस्क घाला, फक्त पॅरिटीची डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी हवी. पॅरिटी पुरली नाही तरी मेलेल्या डिस्कवरचंच जातं, बाकीच्या डिस्क काढून कुठल्याही मशीनला लावा, वाचतात. रोज रात्री सिंक, म्हणजे पॅरिटी ताजी.

झेडएफएसवाले (रेड आतच असलेली फाइलसिस्टीम) आता नाचत येतील की जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेडमध्येही (तिथला रेड ५) एकेक डिस्क वाढवता येते. येते. पण जुना डेटा जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात पडून राहतो, पुन्हा लिहीपर्यंत. हे कुणी सांगत नाही.

पोवईनाका, त्या पाचव्या डिस्कचा मॉडेल नंबर काय?

पोवईनाका
रात्री सिंक, म्हणजे सकाळी टाकलेले फोटो रात्रीपर्यंत देवाच्या भरवशावर. छान.

खणभाग_तळमजला
तुमची पॅरिटी चाटायची आहे का? २०१९ च्या सांगलीच्या पुरात माझा मिरर होता. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, डबा तळमजल्यावर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फुटाला धोका, पाणी गेलं ५७ च्या वर. डबा उचलून माळ्यावर ठेवला आणि बाहेर पडलो. पाणी माळ्यावर. आल्यावर डबा उघडला तर आत गाळ, आणि बोर्डवर हिरवा थर. दुसरी प्रत गावाबाहेर पाहिजे, बाकी सगळ्या गप्पा.

आणि ते पाणी साताऱ्यातनंच आलं होतं, हे पोवईनाक्यानं ध्यानात ठेवावं.

पोवईनाका
आलं! कोयना आम्ही बादलीनं ओतली का? १०५ टीएमसीचं धरण आहे, ऑगस्टमध्ये भरत आल्यावर सोडणारच. नदीच्या पात्राला लागून घरं बांधायची, तळमजल्यावर सर्व्हर ठेवायचा आणि खापर आमच्यावर.

खणभाग_तळमजला
पात्राला लागून? आजोबांच्या आजोबांचं घर आहे. आणि कोयनेचं सोडा, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणानं तुंबवलं म्हणून पाणी हललं नाही. आता त्याची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करायला निघालेत.

तंबोरा_मिरज
२०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नव्हता. मॉडेल नंबर?

खणभाग_तळमजला
समिती आमच्या माळ्यावर आली होती का?

गावभागकर
समितीचं मलाही पटलेलं नाही. २०२१ ला पुन्हा पाणी आलंच. पण उंची वाढवायला विरोध करणं वेगळं आणि २०१९ चं सगळं तिथं ढकलणं वेगळं. पाऊसच तसा होता, नदीकाठच्या बांधकामांचंही बोला.

खणभाग_तळमजला
तुम्ही सांगलीच्या गावभागात राहून हे बोलता? धन्य.

पोवईनाका
धरणाचा धागा वेगळा काढा राव. बरं, बॅकअप पाहिजे, हवं तर स्टँपपेपरवर लिहून देतो. पण रीशेप वाईट, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. गावभागकर, तुमच्या नाट्यसंगीताची एक डिस्क माझ्याकडं आणून ठेवा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला कृष्णा चढत नाही. भाडं म्हणून भडंग.

गावभागकर
देतो. लक्सनं, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून, कुलूप घालून. जो माणूस काल बॅकअप नको म्हणत होता त्याच्यावर एवढाच भरवसा.

तंबोरा_मिरज
तिसऱ्यांदा विचारतोय. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं होतं की २ ते ६ टीबीच्या लाल लेबलवाल्या डिस्कमध्ये एसएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, निघाल्या. खोक्यावर 'नाससाठी', म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यासाठी, लिहिलेलं, आणि रीबिल्डला (मेलेल्या डिस्कच्या जागी डेटा परत भरायला) लावली की रांगायला लागायची. नंतर सीएमआरवाल्या, म्हणजे ट्रॅक सुटे असलेल्या, 'प्लस' म्हणून वेगळ्या केल्या. जुन्या साठ्यातली किंवा सेकंडहँड घेतली असेल तर आधी नंबर बघा. ४० ईएफएएक्स (एसएमआर) की ४० ईएफआरएक्स (सीएमआर)?

पोवईनाका
स्वस्तात मिळाली, घेतली. आता डबा उघडून लेबल वाचायला वेळ नाही.

तंबोरा_मिरज
उघडायचं कशाला? स्मार्टसीटीएल कमांड चालवा, नंबर स्क्रीनवर येतो.

खणभाग_तळमजला
चालवत नाहीत म्हणजे कळलं.