पदरमोड करून कवितासंग्रह काढण्याची घाई कशाला?

उचगावकर : उचगाव, कडोली, येळ्ळूर इथल्या संमेलनांनी सीमाभागातल्या कवींना हक्काचा मांडव दिला, हे मी कधीच विसरणार नाही. पण त्याच मांडवात प्रकाशित होणारे बरेच संग्रह अजून थांबायला हवे होते, असं माझं स्पष्ट मत आहे. छपाईत १६ पानांचा एक फॉर्म, सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं. कवीकडे पक्क्या कविता असतात चाळीस. मग उरलेली पानं भरायला वहीतलं जुनं, शुभेच्छांचं, निरोप समारंभाचं सगळं आत जातं आणि त्या चाळीस कविता त्यात बुडतात. कवयित्री इंदिरा संत बेळगावातच राहिल्या. पती ना. मा. संतांसोबतचा ‘सहवास’ हा संग्रह १९४० चा, आणि स्वतःचा ‘शेला’ थेट १९५१ ला.

खानापूरकर : सर, तो दाखला इथं लावू नका. १९४६ ला ना. मा. गेले, पदरात तीन मुलं. त्या अकरा वर्षांना थांबणं म्हणायचं? आणि आम्ही कुणाची वाट बघायची? पुण्या-मुंबईला हस्तलिखित पाठवलं तर पोच सुद्धा येत नाही. पोरं कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेत चाललीत. आज इथं मराठीत कोण काय लिहीत होतं, हे पुढं कळायचं तर पुस्तकच पाहिजे. १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे बेळगावात, तिथल्या कपाटात माझं एक पुस्तक असावं असं मला वाटतं. त्यात चूक काय?

निपाणीची वाचक : चूक काहीच नाही, पण कपाटातलं पुस्तक कुणीतरी उघडणार, त्याचाही विचार करा. संमेलनात आवाज आणि हातवारे कविता तारून नेतात, टाळ्या मिळतात. कागदावर ओळ एकटी पडते. आमच्या मंडळात एकीनं लिहिलं होतं, ‘तंबाखूच्या दर्पात हरवले माझे बालपण’. सगळ्यांनी वाहवा केली. मी विचारलं, हरवलं म्हणजे नेमकं काय झालं? महिन्याभरानं ती ओळ अशी आली : ‘वखारीतून आलेली आई झोपेतही शिंकायची’. आता ही छापा, खुशाल पदरचे पैसे घालून छापा.

उचगावकर : ताई, मला हेच म्हणायचं आहे. खानापूरकर, तुमचं दुःख मला कळतं. बाहेरचा प्रकाशक विचारत नाही ही खरीच अडचण आहे. पण म्हणूनच आपल्याकडे संपादन जास्त कडक हवं. नोंद राहायची तर ती चांगल्या कवितेची राहू दे. तीन फॉर्म काढा, ४८ पानं. पातळ पुस्तकाची लाज कसली?

खानापूरकर : पातळ चालेल. खरं पेन्सिल घेऊन बसणारा माणूस खानापुरात कुठं मिळतो ते सांगा. सगळे ‘छान’ म्हणून वही परत देतात. ताई, तुम्ही वाचणार असाल तर वही पाठवतो, हव्या तेवढ्या कविता काटा. संग्रह मात्र मी यंदाच काढणार.