तृतीयपंथीयांना लॉजवर खोली नाकारली, तर दाद कुठे मागायची?

अनघा: माझ्या ओळखीच्या एका तृतीयपंथी बाईला लॉजवर 'खोल्या फुल आहेत' सांगून परत पाठवलं. तिच्या मागून आलेल्या कुटुंबाला खोली मिळाली. 2019 च्या तृतीयपंथी संरक्षण कायद्याचं कलम 3 असा भेदभाव करायला मनाई करतं. सार्वजनिक जागी अडवणाऱ्याला कलम 18 खाली सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. पण रात्री अकराला बॅग घेऊन ती फौजदारी केस लढणार का? थेट भरपाई मिळवून देणारी सोय या कायद्यात हवी होती. माझ्या मते ती नाही, हीच त्याची मोठी उणीव.

लॉजवाला: माझा स्वतःचा धंदा आहे, म्हणून लिहितो. आधारवर एक नाव-फोटो, समोर वेगळंच माणूस. उद्या पोलिसांनी रजिस्टर तपासलं की जबाब मला द्यावा लागतो. बाकीची गिऱ्हाइकं कुरकुर करतात ती वेगळीच. त्यात तुरुंगाची भीती घातलीत, तर माणूस गोड बोलून खोट्या सबबी सांगायला शिकेल. धंदा कुणाशी करायचा, हे ठरवायची मुभा मालकाला नको का?

समीर: कागदपत्रांची अडचण मान्य. पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे, ते बघा आणि खोली द्या. राहिली मालकाची मुभा. धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून कुणाला कुठे अडवायचं नाही, हे सांगणाऱ्या घटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव एका दमात लिहिलेत. 1927 साली महाडला चवदार तळ्यावर माणसं का गेली, ते आठवलं तर विहिरीशेजारी हॉटेल का आलं ते कळतं. तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या 2014 च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने घटनेतल्या 'लिंग' या शब्दात लिंगओळख, म्हणजे माणूस स्वतःला बाई, पुरुष की तृतीयपंथी मानतो तेही धरलं आहे. 'बाकीची गिऱ्हाइकं कुरकुर करतात' हे तेव्हाही सांगितलं जायचंच.

मेघना: लॉजचं पटलं. बायकांच्या स्वच्छतागृहाचं काय? स्टँडवर रात्री एकटीने जाताना मला आधीच धाकधूक असते. ही भीती बोलून दाखवली की लगेच मागास ठरवू नका.

अनघा: नाही ठरवत, मेघनाताई. पण त्या बाईला पुरुषांच्या बाजूला पाठवलं, तर तिथे तिचं काय होईल? याच कायद्याच्या 2020 च्या नियमांत दोन वर्षांत स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं होतं. आतून नीट कडी लागणारं, कुणालाही वापरता येईल असं एकेक स्वच्छतागृह प्रत्येक स्टँडवर मागू या. तुम्हालाही ते हवंच आहे.

लॉजवाला: ओळखपत्र दाखवलं तर मी खोली देईन. तुरुंगाच्या कलमाला मात्र माझा विरोध कायम आहे.