मदत हवी आहे: कोल्हापूरजवळ तिरफळाचा ताजा पाला कुठे मिळेल? (तातडीचं)

गगनबावड्याकडं मामाच्या परड्यातलं तिरफळ परवाच्या वाऱ्यापावसात मुळासकट पडलं. मामा म्हणतो, "बरं झालं, गुरास्नी काटं टोचत हुतं." फांद्या तोडू लागलो तर पानांवर दोन अळ्या. हिरव्यागार, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. फांदी हलली तशी एकीनं डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला.

मागच्या श्रावणात याच झाडाभोवती मलबार बँडेड पिकॉक घिरट्या घालताना मी पाहिलं होतं. काळे पंख, त्यांवर निळसर हिरवा रुंद पट्टा, मागे शेपट्या. हे फुलपाखरू फक्त सह्याद्रीतलं. केरळनं २०१८ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं. त्याच्या अळ्या तिरफळावरच वाढतात, म्हणून या त्याच्याच असाव्यात.

फांदीसकट घरी आणल्या. बाटलीत पाणी घालून फांदी ठेवली तरी कालपासून पानं मलूल झालीत. कढीपत्ता, लिंबाचा कोवळा पाला, दोन्ही एकाच कुळातले म्हणून देऊन बघितले. नव्या पानाच्या कडेपर्यंत येतात, डोकं इकडंतिकडं फिरवतात आणि परत त्या सुकल्या पानावर जाऊन बसतात. बघवत नाही.

पन्हाळा, राधानगरी, कुठंही झाड माहीत असेल तर सांगा, आजच गाडी काढतो. शिवाय तिरफळाचं बी दोन पावसाळे पेरलं, एकही रुजलं नाही. मामाच्या परड्यात त्याच जागी झाड लावायचंय, काय करू?

प्रतिसाद:
दादा, पाला आणण्यापेक्षा अळ्याच परत न्या. या जातीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरात ठेवू नका. तिकडच्या रानात दुसरं तिरफळ नक्की असेल. अळीला बोटानं उपटू नका, पाय पानाला घट्ट धरून असतात. बसलेलं पान कातरून तसंच नव्या फांदीत अडकवा, ती आपण होऊन सरकते. तोवर बाटलीचं तोंड कापसानं बंद करा, उतरली तर पाण्यात बुडेल.
बियांचा नाद सोडा. जुन्या झाडाखाली उगवलेलं रोप मातीच्या गड्ड्यासकट उचला. नर-मादी झाडं वेगळी असतात, फळं मादीलाच धरतात. अळ्यांना मात्र कुठलंही चालतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. मामाला फोन लावला. वरच्या बांधाला एक तिरफळ आहे म्हणतो, खाली दोन रोपंही दिसली त्याला. कापूस लावला, निघतोय.