कळप मोडतो तो दुष्काळाने नव्हे

मेंढपाळ कुटुंबं दुष्काळामुळे गरीब राहतात, हे नेहमीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. दुष्काळात कळप चालत चाऱ्याकडे जातो, भटकंती त्यासाठीच असते. घात करतो तो हिवाळ्यातला अवकाळी पाऊस. उघड्या रानात रात्रभर भिजलेली मेंढी, त्यातही नुकतीच कातरलेली असली तर, गारठून किंवा न्यूमोनियाने जाते. आधी कोकरं, मग गाभण मेंढ्या. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला पुणे आणि नगर जिल्ह्यांत हेच झालं.

सरकारच्या आपत्ती-मदतीच्या 2022 च्या निकषांत मेलेल्या मेंढीमागे 4000 रुपये भरपाई होती, तेही कुटुंबाला कमाल 30 लहान जनावरांपर्यंत. मेलेल्या मेंढीचा पंचनामा हवा, पशुवैद्यकाचा दाखला हवा. कळप परजिल्ह्यात, कागद गावाकडे, आणि उरलेल्या मेंढ्यांना सकाळी चरायला हलवावंच लागतं. कोण थांबणार?

खरा फटका त्यानंतरचा. इथली दख्खनी जातीची मेंढी बहुधा एकच कोकरू देते, गाभणकाळ पाच महिने. म्हणजे कळप भरून यायचा तर माद्या कोकरं राखायला हवीत, आणि ती पहिल्यांदा व्यायला साधारण दीड वर्ष लागतं. पण व्यापाऱ्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, डोक्यावर असते, म्हणून तीच तीन-चार महिन्यांची विकली जातात, तीही नजरेच्या अंदाजाने, नगावर. निदान टांगता वजनकाटा तरी सोबत ठेवावा. फार महाग नसतो, आणि सौद्यात तोंड उघडायला आधार होतो. लोकरीचं तर बोलूच नका, बऱ्याच ठिकाणी कातरणीचा खर्चही निघत नाही.