चुनकळीत पाणी टाकल्यावर एवढी गरमी येते कुठून?

गावचं_घर:
यंदा गावच्या घराला डिस्टेंपर नको, चुनाच मारू म्हटलं आणि पाच किलो कळी आणली. प्लास्टिकच्या बादलीत टाकून वरून पाणी ओतलं तर मिनिटभर काहीच नाही, मग फसफस, मग ढेकळं फुटायला लागली, नुसत्या वाफा, आणि बादली बुडाशी चक्क मऊ पडून फुगली. मुलगी दहावीत आहे, ती म्हणे बाबा ही उष्मादायी अभिक्रिया, तिला पाठ आहे. पण कळी थंड, पाणी थंड, खाली विस्तव नाही, मग गरमी आली कुठून विचारलं तर म्हणते अणूंना जोडणारे बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते. बरोबर आहे का हे?

फळा_खडू:
नाही ओ, ही चूक दरवर्षी पेपरात सापडते. बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे जुळले की सुटते. इथे सुटलेली जास्त, म्हणून उरलेली तुमच्या बादलीला भोवली. 56 ग्रॅम कळीमागे साधारण 65 किलोज्यूल. म्हणजे एका किलोत तीन-साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल, आणि तुम्ही पाच किलो एकदम टाकलीत!

भट्टीवाल्याचा_नातू:
सर बरोबर, पण ही गरमी मुळात भट्टीतली आहे. आजोबांची चुनाभट्टी होती, एक थर कोळसा एक थर चुनखडी असं रचायचे. दगड 900 अंशांच्या आसपास तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, म्हणून कळी हातात घेतली की दगडाच्या जवळपास निम्मीच भरते. त्याच 56 ग्रॅमसाठी दगड 178 किलोज्यूल पिऊन बसतो, तुम्ही पाणी घातल्यावर त्यातले थोडे परत देतो. पावसात गोणी भिजली तर गोणपाट पेटायचं, आजोबा रात्री उठून ताडपत्री बघायचे.
आणि कळीवर पाणी ओतू नका, लोखंडी पिंपात भरपूर पाणी घेऊन त्यात थोडी थोडी कळी सोडा. वाकून बघायचं नाही, डोळ्यात उडालं तर डोळा जातो.

गावचं_घर:
बापरे, मी वाकूनच बघत होतो 😬 पण 178 मधले 65 आले, मग बाकीचे 113 कुठे गेले? आणि लिंबात खायचा सोडा टाकला की ग्लास उलट गार का लागतो?

फळा_खडू:
113 भिंतीवर सुटतात. मारलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी होतो, तेव्हा बरोबर तेवढेच बाहेर पडतात, फक्त काही दिवस-आठवडे लागतात म्हणून हाताला कळत नाही. लिंबू-सोडा उष्माग्राही, तो पाण्यातली आणि ग्लासातलीच उष्णता ओढून घेतो. मुलीला थर्मामीटर बुडवून बघू दे, ताप मोजायचा नको, लॅबमधला घ्या.

गावचं_घर:
पिंप शेजाऱ्यांकडून आणलं. उरलेली कळी उद्या, चष्मा घालून.